फणस फोडताना घरातला एक माणूस कोरड्या हातांचा ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या वहिनींचं माहेर सांगलीकडचं, सासर गुहागर तालुक्यातलं. दर मे महिन्यात फणस फोडायचं काम सासूबाईंचं. यंदा त्या नणंदेच्या बाळंतपणाला गेल्यात. पडवीत तीन फणस येऊन पडलेत. एकाचा वास माजघरापर्यंत येतो आणि अंगठा दाबला तर आत जातो. दुसऱ्याला मंद वास आहे, पण अंग टणक. तिसरा हिरवागार, वाजवला की ठणठणतो. घरात सासरे, नवरा, दोन मुलं, शिवाय मुंबईहून आलेले दीर-जाऊ. गेल्या वर्षी वहिनींनी एकदा स्वतः हात घातला, तेव्हा चीक दाराच्या कडीला, माठाच्या ओगराळ्याला आणि टीव्हीच्या रिमोटला लागला. आवाज वाढवायचं बटण आत गेलं ते वर आलंच नाही. तर यंदा हे तीन फणस कसे निस्तरायचे?

वहिनी, रिमोटचा दोष फणसाला देऊ नका. हातांची वाटणी चुकली होती. फणस फोडणं हे एकट्या माणसाचं काम नाही, पण सगळ्यांनी मिळून करायचंही नाही. तीन माणसं पुरतात. एक कापणारा, एक गरे काढणारा आणि तिसरा कोरड्या हातांचा. हा तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. त्याने फणसाला बोटही लावायचं नाही. नळ सोडणं, तेलाची वाटी पुढे सरकवणं, फोन कानाला लावून देणं, कापणाऱ्याच्या नाकाला खाज सुटली की खाजवणं, कपाळावर आलेले केस मागे सारणं, मांजर हाकलणं, हे त्याचं काम. जुन्या घरांत सोवळं जसं पाळत तितक्याच कडकपणे हे कोरडेपण पाळायचं. हाताला चीक लागल्यावर माणसाला घरातल्या प्रत्येक वस्तूची अचानक गरज पडते, आणि कडी, माठ, रिमोट या क्रमाने सगळं बाटतं. दहा वर्षांच्या वरचं मूल या कामाला उत्तम. अट एकच, त्याचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा. नाहीतर तिसऱ्या मिनिटाला तेच परातीत हात घालतं.

नवरा आणि दीर यांना ‘फणस फोडायचाय’ असं सांगून बोलावू नका. या वाक्यानंतर विहिरीचा पंप, गाडीची हवा, बँकेचं पासबुक असं काहीतरी आठवतंच. ‘कोयती जरा धार लावून देता का’ असं विचारा. धार लावलेली कोयती हातात असलेला माणूस कुठेतरी ती चालवून बघतोच. सासरे झोपाळ्यावरून सूचना देतील, त्या देऊ द्या. ‘आडवा काप’ आणि ‘उभा काप’ या दोन्ही सूचना एकाच फणसाला मिळाल्या, तर आडवा कापायचा. कारण पुढे सांगतो. जाऊबाई मोबाइलवर चित्रण करणार असतील तर त्यांना चार हात लांब बसवा. चिकाचा तार सुटला की तो कुठे जाईल याचा नेम नसतो.

आता तीन फणसांची ओळख. वाससुट्या आणि अंगठ्याने दबणारा तो बरका, म्हणजे मऊ, गुळगुळीत गऱ्यांचा. टणक पण वास असलेला, तो बहुधा कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा. झाड माहीत असेल तर प्रश्नच नाही; झाड माहीत नसेल तर बाहेरून शंभर टक्के खात्री कोणालाही देता येत नाही, गावातल्या जाणत्यालाही नाही. तो फक्त चुकल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं लवकर म्हणतो. पिकलेपणाची खूण मात्र नक्की आहे. काटे एकमेकांपासून लांब गेलेले आणि टोकं बोथट झालेली, वाजवल्यावर भरीव ‘ठण’ ऐवजी बद्द आवाज, आणि देठाजवळ वास. फणस म्हणजे शेकडो फुलं एका दांड्यावर दाटीने धरून झालेलं फळ. प्रत्येक काट्याखाली एक फूल. ज्यात फळ धरलं तिथे गरा, न धरलं तिथे नुसती पाती. म्हणून फणस जिथे फुगीर दिसतो तिथे गरे भरलेले, आणि अंगाला खळगा असेल तिथे पातीच पाती. वाटणीच्या वेळी दीर-भावजयींत कोणाला कुठला भाग गेला यावरून कुरबुर होते ती यामुळे. खळग्याचा भाग सरळ आपल्याकडे घ्या आणि विषय संपवा.

हिशेबही आधीच मांडून ठेवा. दहा किलोच्या फणसातून गरे साधारण तीन-साडेतीन किलो निघतात, एक-सव्वा किलो आठळ्या, म्हणजे बिया. बाकी सगळं चारखंड, म्हणजे काटेरी साल, पाती आणि मधला दांडा. ते गुरांना जातं. शेजारी गाय असेल तर फोडण्याआधीच निरोप पाठवा, दुसऱ्या दिवशी त्यावर माश्या घोंगावायला लागतात.

सुरुवात बरक्यापासून, आणि आजच. हा उद्यावर टाकला तर आंबूस होतो. बरक्याला कोयती लागत नाही. अंगणात किंवा खळ्यात मोठी परात ठेवा, हाताला खोबरेल तेल चोळा, मनगटाच्या वरपर्यंत. सालीवर उभी, अर्धं बोट खोल चीर द्या आणि दोन्ही अंगठे आत घालून फाका. देठ धरून ओढला तर दांडा अख्खा उपसून येतो. गरे इतके गुळगुळीत की आठळीसकट घशाखाली उतरतात, म्हणून लहान मुलांना आठळी काढूनच द्या. एकदा सगळे परातीभोवती बसले की ‘मला बरका आवडत नाही’ म्हणणारी माणसंही सात-आठ गरे खातात. त्यांचा अपमान करू नये.

उरलेल्याचा रस काढा. रस मिक्सरमधून काढायचा मोह टाळा. बरक्यातला दोरा पात्याला गुंडाळतो, मोटर तापते, आणि एखादी आठळी चुकून आत राहिली तर भांडं गेलंच. वेताची रोवळी उलटी-सुलटी करून तिच्यावर गरे चोळायचे. रस खाली पडतो, दोरा वर राहतो. रोवळी नसेल तर मोठ्या भोकांची पिठाची चाळण चालते. ही चाळण नंतर लगेच धुवायची. वाळलेल्या रसावरून घरातल्या मोठमोठ्या लढाया झालेल्या आहेत.

या रसाची सांदणं करा. दोन वाट्या रसाला दोन वाट्या तांदळाचा जाडसर रवा, तोही कोरडा, किंचित गुलाबी होऊन वास येईपर्यंत भाजलेला. पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चवीला मीठ. फणस फार गोड असेल तर गूळ निम्म्यावर आणा. सगळं कालवून एक-दीड तास झाकून ठेवायचं. हा वेळ चोरला की रवा कच्चा राहतो आणि सांदणं दगड होतात. तासाभराने मिश्रण घट्ट वाटलं तर नारळाच्या दुधाने सैल करा, इडलीच्या पिठाइतपत. तूप लावलेल्या वाट्यांत निम्म्याच्या थोडं वर भरून 15 ते 20 मिनिटं वाफवा. सुरी घालून कोरडी निघाली की झालं. उलट बाजूची चूक म्हणजे रस जास्त घालणं. ‘फणसाची चव यायला हवी’ म्हणून अर्धी वाटी वाढवली की मधला भाग गिच्च राहतो, कितीही वाफवा. वाटीतून गरम गरम काढायला गेलात तर तुटतात. पाच मिनिटं थांबा आणि घरातल्यांनाही थांबवा. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड. नारळाच्या दुधाबरोबर किंवा तुपाबरोबर द्यायची.

दुसरा फणस, तो कापा, उद्या किंवा परवा फोडायचा, वास माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आला की. खरी परीक्षा इथे, कारण चीक याच्यात टिकून असतो. तो दांड्यात आणि सालीत सगळ्यांत जास्त. आदल्या रात्री देठाची दोन बोटं जाडीची चकती उडवून फणस देठ खाली करून भिंतीला टेकवून ठेवा, खाली करवंटी. जो चीक रात्रीत करवंटीत उतरला तो सकाळी हाताला लागत नाही.

खाली वर्तमानपत्र पसरू नका. चिकाला कागद चिकटतो, कागदाला गरा, आणि मग गऱ्यावर छापलेलं पंचांग वाचत बसावं लागतं. केळीची पानं किंवा जुनी प्लॅस्टिकची गोणी पसरा. वर्तमानपत्र बाजूला लागेलच, पण पुसायला. चिकटण्याचा त्याचा जो दुर्गुण, तोच तिथे उपयोगी.

तेल कोयतीच्या पात्याला लावायचं, मुठीला नाही. हा नियम हसण्यावारी नेऊ नका. तेलकट मूठ फिरली की पातं बोटावर येतं. मुठीला कोरडं फडकं गुंडाळून घट्ट बांधा. पात्याला दर तीन-चार कापांनंतर पुन्हा तेल. हे काम कोरड्या हातांच्या माणसाचं, पण तेलाचा फडका काठीला बांधून. पात्याजवळ त्याचं बोट नको.

आता आडवं का कापायचं ते. उभा कापलात तर कोयती दांड्याच्या अख्ख्या लांबीतून जाते, म्हणजे हातभर चिकाची खाण एकदम उघडी पडते. आडवा कापलात तर दांडा एकाच ठिकाणी, वीतभरसुद्धा नाही इतकाच तुटतो. दोन अर्धी झाली की थांबायचं. पांढरे थेंब वर येतील. त्यांना लगेच हात लावू नका. दोन-तीन मिनिटांत चीक दाट होऊन दोऱ्यासारखा ओढला जातो, तेव्हा कागदाच्या बोळ्याने किंवा नारळाच्या सोडणाने तो गोल फिरवत उचला. मुलांना एक काडी द्या, तिला चीक गुंडाळत बसतात, पाऊण तास शांतता. फक्त तो गोळा केसांत जाणार नाही याकडे बघा.

मग प्रत्येक अर्ध्याचे उभे दोन भाग करा. चार फोडी सपाट बसतात, हलत नाहीत. प्रत्येक फोडीतला मधला दांडा तिरक्या पात्याने एका सलग कापात काढा. तो टप्प्याटप्प्याने तोडत बसलात तर प्रत्येक काप नवा चीक सोडतो. दांडा निघाला की फोड दोन्ही हातांनी काट्यांच्या बाजूला उलटी वाकवा, वही उलटी दुमडल्यासारखी. गरे आपोआप उभे राहतात, पंख्यासारखे सुटे. ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यांत सुंदर घटका आहे आणि नेमकी याच वेळी पंप दुरुस्त होऊन नवरा परत येतो.

गरे काढणाऱ्याने पाती बोटाने ओढून टाकायची, गऱ्याचं वरचं टोक चिमटीने तोडायचं, गरा उभा फाडून आठळी बाहेर. आठळीभोवती एक पातळ, प्लॅस्टिकसारखं वेष्टन असतं, तेही काढा. ते खाल्लं तर काही होत नाही, पण दातात अडकतं आणि माणूस संध्याकाळभर जिभेने शोधत राहतो. दोन सवयीचे हात दहा किलोचा कापा तासाभरात संपवतात. खाणारे मध्ये बसले तर काम दीड तासाचं आणि डबा अर्धा. फोडताना निम्मे गरे संपतात हे गृहीत धरा. सासऱ्यांना साखर असेल तर त्यांच्यापुढे मोजून पाच गरे वाटीत ठेवा आणि परात त्यांच्या झोपाळ्यापासून दूर न्या. ‘मी फक्त गोड आहे का बघतो’ हे वाक्य दर फोडीला ऐकू येतं.

गरे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतात. झाकण सैल असेल तर दुसऱ्या दिवशी दूध, लोणी आणि कणीक सगळ्यांनाच फणसाचा वास येतो, आणि चहाला फणसाचा वास आला की घरातला फणसविरोधी पक्ष एकदम बोलका होतो. असा पक्ष प्रत्येक घरात असतो. त्यांच्यासाठी वाद घालण्यापेक्षा डब्याला दुसरा डबा घाला.

आता साफसफाई. सगळी गडबड इथे होते, कारण माणूस सवयीने आधी नळाकडे धावतो. चीक रबराच्या जातीचा आहे. पाण्यात विरघळत नाही, पाणी लागलं की आखडतो आणि आणखी पक्का बसतो. साबण आधी लावला तरी तेच. क्रम असा: कोरड्या कागदाने जितका निघेल तितका काढायचा, मग खोबरेल तेल भरपूर चोळायचं, चीक बोटाखाली गोळ्या गोळ्या होऊन सुटतो, त्या पुसून टाकायच्या, आणि सगळ्यांत शेवटी साबण आणि कोमट पाणी. ओठांना लागला असेल तरी तेलच. केसांत गेला तर कात्री आणू नका. तेल घालून दहा मिनिटं थांबा, मग कंगवा. कोयती विस्तवावर किंचित धरून गरम करा आणि सोडणाने पुसा, चीक पातळ होऊन निघतो, उरलेल्याला तेल. फरशीवर पडला असेल तर तेल टाकून वर थोडं तांदळाचं पीठ भुरभुरवा आणि खरवडा. कपड्यावरचा चीक आधी बर्फाने कडक करून नखाने उचकटायचा, मग डागाला तेल, मग साबण. पांढऱ्या शर्टावरचा पिवळट तपकिरी डाग राहिलाच तर तो शर्ट पुढच्या वर्षी फणसाच्या कामाला काढून ठेवा. प्रत्येक कोकणी घरात असा एक शर्ट असतो आणि तो नेहमी कधीकाळी कोणाच्या तरी साखरपुड्यासाठी घेतलेला असतो.

‘कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटेरी आतून रसाळ’ ही उपमा ज्याने प्रथम दिली त्याला कोयती धुवावी लागली नसणार. मधल्या चिकाचं नावच नाही.

तिसरा, हिरवा फणस. हा पिकण्याची वाट बघू नका. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर फणस पाणचट होतात, पटकन सडतात. हा निबर पण कच्चा असेल तर तळलेल्या गऱ्यांना सोन्यासारखा. मात्र त्यासाठी फणस कापा जातीचाच लागतो. फोडल्यावर गरा पांढरट आणि कडक दिसला तर तळायचा. जरा जरी पिवळसर, गोडसर लागला तर थांबा. आतली साखर तेलात करपते, गरे तपकिरी होतात आणि तरीही मऊ पडतात. तेव्हा त्याची सरळ भाजी करा, आठळ्यांसकट.

तळायला गऱ्याच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या करा, सगळ्या सारख्या. जाड-बारीक मिसळल्या की बारीक जळतात. खोबरेल तेल चांगलं तापवा, मूठ-दोन मूठ पट्ट्या सोडा. बुडबुडे कमी होऊन पट्ट्या एकमेकींवर वाजायला लागल्या की मिठाचं पाणी, एक वाटी पाण्यात दोन चमचे मीठ या प्रमाणात, त्यातलं फक्त एक चमचा तेलात घालायचं. आवाज असा होतो की ओटीवरचा माणूस उठून येतो. पाणी क्षणात वाफ होऊन जातं आणि मीठ गऱ्याला आतून-बाहेरून सारखं बसतं, वरून भुरभुरवलेलं मीठ मात्र डब्याच्या तळाशी जातं. हात लांब ठेवा, झाकण दुसऱ्या हातात तयार असू द्या, आणि चमच्याऐवजी वाटी उपडी करायचा आळस अजिबात नको. तेल उसळून चुलीवर येतं. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. तडतड थांबली की लगेच निथळून काढा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. गरम असताना भरले तर वाफेने नरम पडतात. डबा उंच फळीवर ठेवलात तर आठवडा टिकेल. टिकण्याचा प्रश्न गऱ्यांचा नसतो, फळीच्या उंचीचा असतो.

वटपौर्णिमा फ्रिजमधला डबा संपायच्या आत आली तर वाणाला गरे बाजूला काढून ठेवा. त्या दिवशी मात्र शेजारच्या पाच घरांचे गरे तुमच्याकडे येतात, तेव्हा घरचा फणस त्याच आठवड्यात फोडणं म्हणजे स्वतःवर ओढवून घेणं.

राहता राहिल्या आठळ्या. सासूबाईंचा फोन येईल तेव्हा त्या फणस गोड होता का हे नंतर विचारतील; आधी विचारतील ‘आठळ्या टाकल्यात नाहीत ना?’ तीन फणसांच्या मिळून काही शे होतील. धुवून, सावलीत एक दिवस सुकवून, त्यातल्या फुटलेल्या आणि मऊ वेगळ्या काढा. त्या याच आठवड्यात मिठाच्या पाण्यात कुकरच्या तीन-चार शिट्ट्या करून संपवा. पांढरं जाड टरफल काढायचं, आतली तपकिरी साल राहिली तरी चालते. निखाऱ्यात भाजणार असाल तर प्रत्येकीला सुरीने खाच द्या, नाहीतर फटाक्यासारखी उडते आणि चुलीपुढचा माणूस मागे पडतो. एका बैठकीत एका माणसाला दहा-बारा पुरे. त्याहून जास्त झाल्या की रात्री घरात कोणाचं कोणाशी बोलणं राहत नाही, आणि आवाज कुठून आला यावर प्रत्येक जण मांजराकडे बघतो. अख्ख्या, कडक आठळ्या लाल मातीत घोळवून, माती पूर्ण कोरडी असताना, पडवीच्या कोपऱ्यात मडक्यात भरून ठेवा, तोंडाला फडकं बांधून. कोपऱ्यात पागोळ्यांचं पाणी येत असेल तर जागा बदला, ओल लागली की त्यांना कोंब फुटतात. श्रावणात भाजीला आठळ्या हव्यात असं म्हणून सासूबाई त्या मडक्यात हात घालतील तेव्हा त्या कोरड्या लागल्या पाहिजेत.